आईचा ओसीटी काढायला सांगितलाय? मशीनसमोर बसण्याआधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

मी डोळ्यांच्या दवाखान्यात ओसीटीच्या मशीनवर बसते. ओसीटी म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, डोळ्याच्या मागच्या पडद्याचे थर दाखवणारा फोटो. डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळ्यांच्या तपासण्या करणारी. निदान मी करत नाही, पण ज्या फोटोवरून निदान होतं तो माझ्या हातून निघतो. खोलीत शिरणारा जवळजवळ प्रत्येक माणूस तेच तीन प्रश्न विचारतो. आत येताना "दुखतं का हो?", बसल्यावर "किती वेळ लागेल?" आणि उठून जाताना, दाराशी घुटमळत, "सगळं नॉर्मल आहे ना?"

पहिल्याचं उत्तर, नाही. दुसऱ्याचं, दोन्ही डोळे मिळून पाच-दहा मिनिटं. तिसऱ्याचं उत्तर मला देता येत नाही, आणि खरं सांगायचं तर एकाच फोटोवरून कित्येकदा डॉक्टरांनाही ते छातीठोकपणे देता येत नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्याचे आणि नसेचे बरेचसे आजार मुंगीच्या पावलांनी सरकतात. आजचा फोटो सहा महिन्यांपूर्वीच्या फोटोशेजारी ठेवला की मग तो बोलायला लागतो. त्यामुळे या लेखात मशीनबद्दल जितकं आहे तितकंच घरातल्या कपाटात पडलेल्या जुन्या कागदांबद्दलही आहे.

चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय ते आधी बघा

"डोळ्याचं स्कॅनिंग" नावाची एकच एक तपासणी नसते. चिठ्ठीवर पुढच्यापैकी काहीतरी लिहिलेलं असेल.

फंडस फोटो म्हणजे पडद्याचा समोरून काढलेला साधा रंगीत फोटो. नारिंगी-तांबूस गोल, त्यात एका बाजूला नसेची पिवळसर चकती, तिच्यातून फुटणाऱ्या रक्तवाहिन्या, आणि मध्यभागी थोडा गडद भाग. हा गडद भाग म्हणजे मॅक्युला. वाचणं, चेहरा ओळखणं, सुईत दोरा ओवणं हे सगळं त्या इवल्याशा जागेच्या जिवावर चालतं. साध्या कॅमेऱ्यात पडद्याचा ३० ते ५० अंशांचा भाग येतो, वाइडफिल्ड कॅमेऱ्यात २०० अंशांपर्यंत. फोटो काढताना झगझगीत फ्लॅश पडतो आणि थोडा वेळ सगळं जांभळट दिसतं. घाबरायचं कारण नाही.

ओसीटी हा पडद्याचा उभा छेद. घाटात रस्ता काढताना डोंगर कापतात तेव्हा कडेला मातीचे आणि खडकाचे थर दिसतात ना, अगदी तसं. फक्त इथे काही कापावं लागत नाही. सोनोग्राफीत आवाज आत सोडून त्याचा प्रतिध्वनी मोजतात. ओसीटीत तेच काम प्रकाशाकडून करून घेतलेलं आहे. प्रकाशाचा वेग इतका की त्याचा प्रतिध्वनी घड्याळ लावून मोजता येत नाही, म्हणून डोळ्यातून परतलेला प्रकाश मशीनमधल्याच दुसऱ्या किरणाशी मिसळतात आणि दोघांच्या लहरी कशा जुळतात त्यावरून खोली काढतात. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या गटाने १९९१ साली ही पद्धत जगापुढे मांडली. २००२ सालच्या सुमाराचं मशीन सेकंदाला ४०० रेघा वाचायचं. २००६ नंतर आलेली मशीन २५ हजारांच्या वर वाचू लागली, त्यामुळे पापणी लवायच्या आत बराचसा फोटो हाती लागतो. सुमारे पाच मायक्रॉनचा फरक त्यात दिसतो, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या भागाहूनही कमी. यात एक्स-रे नाही आणि डोळ्याला काही टेकतही नाही.

ओसीटी दोन जागांचा काढतात आणि ही गफलत नेहमी होते. "मॅक्युला" लिहिलं असेल तर मधल्या भागाचा. हा मधुमेहात, वयामुळे पडदा झिजण्यात, पडद्यावर सूज असल्यास लागतो. "डिस्क", "ओएनएच" किंवा "आरएनएफएल" लिहिलं असेल तर नसेचा, आणि तो मुख्यतः काचबिंदूसाठी. मागच्या वेळी मॅक्युलाचा काढला होता म्हणून या वेळी नसेचा लागणार नाही असं होत नाही. काउंटरवर पैसे भरताना कोणता काढायचाय ते चिठ्ठी दाखवून सांगा.

एफएफए किंवा "डोळ्याची अँजिओग्राफी". हे शब्द ऐकून नातेवाईक हमखास हादरतात. "अहो, बाबांना हार्टचं काही नाहीये!" हृदयाशी याचा काहीही संबंध नाही. हाताच्या शिरेत फ्लुरेसिन नावाचं पिवळं औषध टोचतात, १०-१५ सेकंदांत ते डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांत पोचतं, निळ्या प्रकाशात हिरवं चमकतं, आणि कुठे गळती आहे, कुठे रक्तच पोचत नाही, ते फोटोंच्या मालिकेत दिसतं. माणसाच्या डोळ्याची पहिली अशी अँजिओग्राफी प्रसिद्ध झाली १९६१ मध्ये, आणि ती केली इंडियाना विद्यापीठातल्या नोवोट्नी आणि अल्विस या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी. औषध कुणी टोचून घ्यायचं यासाठी त्यांनी नाणं उडवलं, अल्विस हरला. या तपासणीनंतर दिवसभर कातडी पिवळसर आणि लघवी गडद पिवळी होते. हे आधी सांगितलं नाही तर रात्री "कावीळ झाली" म्हणून फोन येतो. टोचल्यावर काहींना क्षणभर मळमळतं. कसलीही ॲलर्जी, दमा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर ते आधी सांगायचंच, कारण क्वचित या औषधाची तीव्र रिअॅक्शन येऊ शकते. म्हणून ही तपासणी डॉक्टर हजर असतानाच होते आणि संमतीपत्रावर सही घेतात.

ओसीटी अँजिओग्राफी वेगळी. तिच्यात सुई नाही, औषध नाही. वाहत्या रक्तातल्या हालचालीवरून मशीन रक्तवाहिन्यांचं जाळं काढतं. मात्र गळती तिच्यात दिसत नाही, म्हणून एफएफए अजून टिकून आहे. आणि मोतिबिंदू फारच पिकलेला असेल किंवा डोळ्यात रक्त साकळलं असेल तर प्रकाश आत जाणारच नाही. तेव्हा डोळ्याची सोनोग्राफी करतात, तिला "बी-स्कॅन" म्हणतात.

घरून निघताना

जुनी फाइल. फक्त शेवटचा कागद नाही, सगळी. पूर्वी दुसरीकडे दाखवलं असेल तर तिथलीही. सुनेने आवराआवर करताना टाकून दिली, भिजली, गावी राहिली, ही उत्तरं मी रोज ऐकते, आणि त्या दिवशी त्या माणसाचा आजार आमच्यासाठी शून्यापासून सुरू होतो.

चष्मा आणि चालू औषधांची यादी घ्या, थेंबांच्या बाटल्यांसकट. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर डबी. काजळ लावू नका. थेंब पडले की ते पसरतं आणि पापणी पुसत बसावी लागते. मधुमेह असेल तर उपाशी येऊ नका. दवाखान्यात तीन तास जातात आणि थेंब घालून बसलेल्या माणसाची साखर खाली गेली की धावपळ होते. एफएफए असेल तर किती वेळ आधी खायचं ते तिथे विचारून घ्या, सहसा हलकं खाऊन यायला सांगतात.

सोबत कुणीतरी हवंच. बाहुली मोठी करायचे थेंब घातले की २०-३० मिनिटांनी जवळचं धूसर होतं, उजेड खुपतो, आणि हा परिणाम चार ते सहा तास राहतो. त्या अवस्थेत दुचाकी चालवायची नाही. गॉगल न्या, नसेल तर टोपी किंवा छत्री चालेल. ओसीटीला स्वतःला थेंब लागतातच असं नाही, बाहुली पुरेशी मोठी असेल तर तशीच काढता येते, पण डॉक्टरांना पडदा पूर्ण तपासायचा असतो म्हणून थेंब बहुतेक वेळा पडतातच.

पूर्वी कुणी "तुमच्या डोळ्याचा कोन (म्हणजे डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट) अरुंद आहे" असं सांगितलं असेल तर थेंब घालण्याआधी ते सांगायचं. आणि घरी गेल्यावर डोळा जोरात दुखायला लागला, लाल झाला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, उलटी झाली, तर "थेंबांचा त्रास असेल, सकाळी बघू" म्हणून झोपू नका. डोळ्याचा दाब एकदम चढल्याची ती लक्षणं आहेत. त्याच रात्री दवाखाना गाठायचा.

मशीनसमोर

परवाचीच गोष्ट. पंच्याहत्तरीचे आजोबा, पांढरी टोपी, सोबत नात. मी म्हटलं, "आजोबा, टोपी जरा मागे सरकवा, कपाळ पट्टीला टेकलं पाहिजे." टेकवलं. "हनुवटी या कपात. दात मिटलेले ठेवा. आत हिरवी चांदणी दिसतेय?" "दिसतेय की." "हो म्हणायला तोंड उघडू नका, हनुवटी हलते." नात हसली, आजोबाही हसले, आणि फोटो गेला.

दुसऱ्या खेपेला त्यांनी चांदणी सोडली आणि तिच्याभोवती फिरणारी लाल रेघ डोळ्याने पकडायला लागले. हे दहातले सहा जण करतात. शेताच्या बांधावर काही हललं की नजर तिकडे जायचीच. त्यात चूक काही नाही. पण रेघ मशीनची आहे, तिला तिचं काम करू द्यायचं. आपण फक्त चांदणी बघायची.

एवढं लक्षात ठेवलंत तर तुमचा फोटो पहिल्या फटक्यात निघेल: आम्ही "मिटा, उघडा" म्हटलं की पापणी पूर्ण मिटून मोठ्ठी उघडायची, मग दोन-तीन सेकंद रोखायची. श्वास रोखायची गरज नाही. डोळा कोरडा पडत असेल तर सांगा, कृत्रिम अश्रूंचा एक थेंब घातला की फोटो लगेच स्वच्छ येतो. ऐकायला कमी येत असेल तर सोबतच्या माणसाला आत घ्या. त्याने खांद्यावर हात ठेवून सांगितलेलं आमच्या ओरडण्यापेक्षा बरं कळतं.

चांदणी दिसतच नसेल तर लाजू नका आणि "दिसते" असं खोटं सांगू नका. मधल्या नजरेचा भाग गेलाय ही फार मोलाची माहिती आहे. मग आम्ही दुसऱ्या डोळ्याला बाहेरचा दिवा दाखवून काम भागवतो.

आता माझी एक चूक सांगते. नोकरीचे पहिले महिने, संध्याकाळ, बाहेर गर्दी. एका काकूंचा फोटो अंधुक आला. सिग्नल, म्हणजे फोटो किती स्वच्छ आला त्याचे मशीनने दिलेले गुण, दहापैकी चार. मी म्हटलं जाऊ दे, आणि प्रिंट काढून दिली. मध्यभागाची जाडी आली चारशे मायक्रॉनच्या वर. काकूंच्या मुलाने तो आकडा इंटरनेटवर बघितला आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत आईच्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागणार या धास्तीने दोघंही रडवेले झाले. डॉक्टरांनी छेदाच्या फोटोकडे एक नजर टाकली आणि कागद परत पाठवला. मशीन पडद्याच्या वरच्या आणि खालच्या काठावर आपणहून रेघा आखतं आणि त्यांच्यातलं अंतर मोजतं. अंधुक फोटोत वरची रेघ भलतीकडेच उडी मारून गेली होती. अश्रूंचा थेंब घालून पुन्हा काढला, आकडा आला २७०. सूज नव्हतीच. तेव्हापासून सिग्नल कमी दिसला की बाहेर कितीही गर्दी असो, मी पुन्हा काढते. तुम्हीही रिपोर्टवर "सिग्नल स्ट्रेंग्थ" शोधा. ज्या मशीनवर तो दहापैकी देतात तिथे सहा किंवा वर हवा. कमी असेल तर "पुन्हा काढता का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जाड मोतिबिंदू असेल तर मात्र कितीदा काढला तरी सिग्नल वाढत नाही.

रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यात आधी डोक्याकडचा भाग

रंग आणि आकडे नंतर. आधी नाव, जन्मतारीख, तारीख, आणि डोळा. ओडी म्हणजे उजवा, ओएस म्हणजे डावा. लॅटिन आहे, तोंडपाठ करून टाका.

जन्मतारखेचं महत्त्व कुणाला वाटत नाही. आपल्याकडे एका पिढीचा अर्ध्याहून जास्त गाव १ जूनला जन्मलेला आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. महिन्या-दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. पण कुणी घाईत वय ६८ ऐवजी ४८ टाकलं तर मशीन तुमच्या आईच्या नसेची तुलना अठ्ठेचाळीस वर्षांच्या निरोगी माणसांशी करतं आणि उगाच पिवळं-लाल दाखवतं. दुसरा घोटाळा याहून वाईट. मागच्या वेळी "सुमनबाई", या वेळी "सुमन", जन्मतारीख एकदा खरी आणि एकदा आधारवरची. मशीनच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका झाल्या. जुने फोटो त्याच मशीनच्या पोटात असूनही नव्यांशी जोडले जात नाहीत. म्हणून नोंदणीच्या खिडकीवर दर वेळी तेच नाव, तीच तारीख आणि मिळाला असेल तर तोच पेशंट क्रमांक सांगा.

मॅक्युलाचा रिपोर्ट

राखाडी रंगातला छेद बघा. निरोगी पडद्याच्या मध्यभागी एक गुळगुळीत खळगा असतो, वाटीसारखा. तो दिसला की अर्धा जीव भांड्यात पडतो. सूज असेल तर खळग्याच्या जागी उंचवटा येतो, आणि आत काळे पोकळ कप्पे दिसतात. ते काळे कप्पे म्हणजे साठलेलं पाणी. तव्यावर भाकरी फुगते आणि पापुद्रा सुटून आत वाफ भरते, तसं काहीसं. पाणी पडद्याच्या आत आहे की पडद्याच्या खाली, यावरून आजार कोणता आणि औषध कोणतं हे डॉक्टर ठरवतात. छोटे चमकदार ठिपके आणि त्यांच्या खाली सावली दिसली तर तो बहुधा रक्तवाहिन्यांतून पाझरून घट्ट झालेला चरबीचा अंश असतो. मधुमेहात तो नेहमी दिसतो.

तळाशी समांतर धावणाऱ्या उजळ रेघांकडे मी नेहमी जास्त वेळ बघते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींची ओळ तिथे आहे. सूज उतरली, आकडा खाली आला, तरी "दिसत का नाही अजून?" असं विचारणाऱ्यांच्या फोटोत कित्येकदा ही रेघ तुटलेली असते. पाणी काढता येतं. झिजलेली पेशी परत आणता येत नाही. उशिरा येण्याची किंमत कागदावर दिसते ती इथे.

आता रंगीत गोल आणि त्यातले नऊ कप्पे. मधल्या एक मिलिमीटरच्या कप्प्यातला आकडा सगळे बघतात. तो मायक्रॉनमध्ये असतो आणि निरोगी डोळ्यात ढोबळमानाने पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अडीचशेच्या पुढे-मागे भरतो. या नकाशात लाल-पांढरा म्हणजे जाड आणि निळा म्हणजे पातळ.

नसेचा रिपोर्ट, आणि लाल रंगाची भीती

इथे घोटाळा होतो, कारण एकाच कागदावर लाल रंगाचे दोन अर्थ असतात. जाडीच्या नकाशात नसेच्या वर आणि खाली लाल-पिवळे पट्टे असणं चांगलं. तिथे नसेकडे जाणारे तंतू जाड आहेत. पण शेजारच्या गोलात आणि तक्त्यात लाल म्हणजे "तुमच्या वयाच्या निरोगी लोकांत १ टक्क्याहूनही कमी जणांची जाडी इतकी पातळ असते". पिवळा म्हणजे खालच्या ५ टक्क्यांत. हिरवा म्हणजे मधल्या घोळक्यात. रंग म्हणजे निदान नव्हे, गर्दीतली तुमची जागा आहे.

आणि गर्दी कुणाची, हेही बघायला हवं. मशीनमध्ये साठवलेली निरोगी माणसं मोजकी असतात, आणि मोठे मायनस नंबर त्यांत फारसे नसतात. उणे सात-आठ नंबरचा चष्मा असलेल्या तरुण मुलीचा नसेचा रिपोर्ट लालभडक येऊ शकतो आणि तिला काचबिंदू अजिबात नसतो. लांबट डोळ्यात तंतूंची वाटच थोडी सरकलेली असते. उलटही होतं. ज्याचे तंतू मुळात भरपूर जाड होते, त्याचे बरेच झिजले तरी आकडा हिरव्यातच राहतो. कागद हिरवा, नस मात्र झिजत चाललेली.

म्हणून काचबिंदूचा संशय असेल तेव्हा हा रिपोर्ट एकटा कधी वाचत नाहीत. डोळ्याचा दाब, कोन, नसेची तपासणी आणि "फिल्ड", म्हणजे ठिपका दिसला की बटण दाबायची ती कंटाळवाणी चाचणी, सगळं एकत्र लावतात. आणखी एक. तंतूंची सरासरी जाडी निरोगी प्रौढात ९०-१०० मायक्रॉनच्या आसपास असते, पण काचबिंदू फार वाढल्यावर ती पन्नाशीच्या जवळपास येऊन थबकते, कारण उरलेला भाग रक्तवाहिन्या आणि आधाराच्या ऊतींचा असतो. त्यानंतर ओसीटीचा आकडा स्थिर राहिला म्हणून आजार थांबला असं समजू नये. तिथून पुढे फिल्डवरच भिस्त.

दुसरा फोटो

पहिला ओसीटी म्हणजे पाया. दुसरा आणि तिसरा आले की आजाराचा वेग कळतो. त्यासाठी शक्यतो त्याच मशीनवर जा, निदान त्याच कंपनीच्या. कारण वेगवेगळी मशीन पडद्याची खालची हद्द वेगवेगळ्या थरावर धरतात. अमेरिकेतल्या मधुमेही पडद्याच्या मोठ्या चाचण्यांत "मध्यभागी सूज आहे" असं म्हणायची मर्यादा सिरस मशीनवर स्त्रियांसाठी २९० आणि पुरुषांसाठी ३०५ मायक्रॉन धरली होती, तर स्पेक्ट्रालिस मशीनवर तीच ३०५ आणि ३२० धरली. म्हणजे नुसतं मशीन बदललं की डोळ्यात काहीही न घडता आकड्यात १५ मायक्रॉनची वाढ दिसू शकते. पुण्यात एक काढला, गावाजवळ स्वस्त पडतो म्हणून दुसरा तिथे काढला, आणि "इंजेक्शन देऊनही सूज वाढली" म्हणून घरात वाद, हे मी पाहिलंय.

मशीन एकच असलं तरी दोन वेळच्या मोजमापात चार-पाच मायक्रॉनचा फरक नुसत्या मोजण्यामुळे पडतो. नसेची जाडी ८४ वरून ८१ झाली तर लगेच कपाळाला हात लावू नका. डॉक्टर बहुधा "पुन्हा एकदा काढू" म्हणतील. ते पैशासाठी म्हणतात असं वाटतं लोकांना. पण एका घसरणीवर आयुष्यभराची औषधं बदलणं त्याहून महाग पडतं.

फोटो काढणाऱ्याला एक वाक्य जरूर सांगा: "मागचा याच मशीनवर काढलाय." मग आम्ही जुना फोटो उघडून नेमक्या त्याच जागेवर नवा काढतो आणि दोन्ही शेजारी-शेजारी छापतो. प्रिंटचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, पण सपाट टेबलावर ठेवून, चकाकी टाळून, वरची तारीख दिसेल असा. फाइलच्या रूपात मिळत असेल तर तीही मागून घ्या; छापलेल्या कागदावर दोन-चार छेद येतात, मशीनमध्ये शंभराहून जास्त असू शकतात.

शुगरच्या दवाखान्यात कॅमेरा दिसला तर

भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आला. इतक्या जणांचा पडदा दरवर्षी तपासायला डोळ्यांचे डॉक्टर पुरणार नाहीत, म्हणून फोटो कॉम्प्युटरला वाचायला देण्याची खटपट सुरू झाली. गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अशा प्रोग्रॅमचे निष्कर्ष मांडले. तो शिकवायला वापरलेल्या फोटोंत भारतातल्या नेत्ररुग्णालयांचेही फोटो होते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, आयडीएक्स-डीआर या प्रोग्रॅमला डॉक्टरने फोटो न बघताही निकाल द्यायची परवानगी दिली. आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर आपल्या मुंबईतला: महापालिकेच्या दवाखान्यांत येणाऱ्या मधुमेहींचे फोटो स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतले आणि इंटरनेटशिवाय त्याच फोनवर तपासले.

अशी तपासणी मिळाली तर करून घ्या, पण निकाल नीट वाचा. "रेफर" म्हणजे आंधळेपण येणार असं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, इतकंच. "फोटो वाचता आला नाही" हा निकाल लोक सोडून देतात, आणि तो सोडायचा नसतो, कारण बहुधा मोतिबिंदू किंवा बारीक बाहुली आड आलेली असते. "नाही" आला तर मधुमेहाचा पडद्यावरचा परिणाम त्या फोटोत दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. काचबिंदूबद्दल तो काहीही सांगत नाही. सपाट फोटोत थोडी सूजही निसटते. तिला छेदच लागतो.

कुणी, कधी

टाइप टू मधुमेह कळला त्याच वेळी पडदा तपासायचा, कारण साखर कळण्याआधी काही वर्षं ती अंगात असू शकते, मग दरवर्षी. टाइप वन असेल तर निदानानंतर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. मधुमेही बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांत. दिसायला छान दिसतंय हे कारण चालत नाही. मध्यभाग शाबूत असेपर्यंत पडद्याच्या कडेला बराच गोंधळ माजलेला असला तरी नजर सहा-बाय-सहा, म्हणजे पूर्ण, असू शकते.

घरात अपुऱ्या दिवसांचं बाळ असेल तर वेगळं गणित आहे. दोन किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं बाळ तीस दिवसांचं व्हायच्या आत त्याचा पडदा तपासून घ्यायचा. बारसं, सव्वा महिना, बाळाला बाहेर न काढणं, यातलं काहीही आड येऊ देऊ नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पडद्याचा जो आजार होतो (आरओपी), त्यात उपचाराची वेळ आठवड्यांत मोजतात.

दोन तपासण्यांच्या मधल्या काळात घरी काय करायचं? भिंतीवरचं चौकटींचं कॅलेंडर घ्या. वाचायचा चष्मा लावून, एक डोळा तळहाताने झाकून, दुसऱ्याने मधल्या एका तारखेकडे बघा. मग डोळा बदला. दोन्ही उघडे ठेवून बघितलं तर चांगला डोळा वाईटाचं झाकून घेतो. एखादी रेघ वाकलेली, तुटलेली किंवा मधला चौकोन गायब वाटला तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करा, पुढची तारीख कधीची का असेना. मी मशीन सुरू करते तोवर फाइल काढून मांडीवर ठेवा.